न्यार गेमच्या शेतातला टारफुला

केनियातल्या किसुमूला येऊन तीन वर्षं झाली, पण इथे टारफुला या तणाशी गाठ पडेल असं कधी वाटलं नव्हतं. आमच्या सोलापूरकडच्या ज्वारीत तो यायचा आणि आजी त्याला उपटता उपटता शिव्या घालायची. इथे त्याचा भाऊबंद मक्याच्या मुळांवर जगतो. लुओ भाषेत त्याला 'कायोंगो' म्हणतात. फुलं जांभळी, दिसायला अगदी देखणी.

आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या बाईंना सगळे 'न्यार गेम' म्हणतात, म्हणजे गेमची लेक. लग्नाला वीस वर्षं झाली तरी हाक माहेरच्या गावानं! (मला इथे 'मामा' म्हणतात, म्हणजे आई. सुरुवातीला दर वेळी दचकायचे.) जूनमध्ये त्या मला मटाटूत (इथल्या मिनीबसमध्ये) कोंबून सियायाजवळच्या सासरी घेऊन गेल्या.

त्यांची शेती दोन तुकड्यांत. घरामागच्या तुकड्यात मका माझ्या डोक्याच्या वर गेलेला. ओळींच्या मध्ये डेस्मोडियम या चारापिकाचे वेल पसरलेले आणि चारही बाजूंनी नेपिअर गवताची भिंत. डेस्मोडियमच्या वासाने खोडकिड्याचा पतंग मक्यापासून पळतो आणि नेपिअरवर अंडी घालतो. तिथे गवताच्या चिकट रसात बऱ्याच अळ्या अडकून मरतात. शिवाय डेस्मोडियमच्या मुळांतून झिरपणाऱ्या द्रव्यांनी टारफुल्याचं बी उगवतं खरं, पण त्याला मक्याचं मूळ धरता येत नाही. हे 'पुश-पुल' तंत्र 1990 च्या दशकात व्हिक्टोरिया सरोवराकाठी म्बिता इथे, इसिपे या कीटकसंशोधन संस्थेनं ब्रिटनच्या रोथॅमस्टेड या शेती संशोधन संस्थेबरोबर विकसित केलं. त्यात पुढे होते मूळचे भारतीय असलेले झियाउर खान. हे वाचून मी उगाचच थोडी फुशारले.

दुसरा तुकडा रस्त्यापलीकडे. बियाणं तेच, पाऊस तोच, पण मका जेमतेम कमरेएवढा आणि खाली सगळीकडे जांभळं.

"इथे का नाही लावत?" मी विचारलं.

"भाड्याची जमीन आहे, मामा."

डेस्मोडियम एकदा रुजलं की वर्षानुवर्षं टिकतं. पण पहिल्या हंगामात ते इतकं हळू वाढतं की गुडघे टेकून आजूबाजूचं तण वेचत बसावं लागतं. एवढं राबायचं आणि पुढच्या वर्षी मालकानं जमीन परत मागितली तर? घरामागचा तुकडाही नवऱ्याच्याच नावावर. तो नैरोबीत, म्हणून फोनवरून परवानगी घेतली. दीर हसले होते, म्हणे मक्यात गवत पेरतेय. टारफुला हटला तरी त्यांना पटलं नाही. हिरवा चारा खाऊन गाय जास्त दूध द्यायला लागली, तेव्हा पटलं. तरी कापणीनंतर गावाची गुरं मोकळी सुटतात, त्यांच्यापासून वेल राखायला कुंपण घालावं लागलंच. त्याचा खर्च कुठल्या माहितीपत्रकात असतो कोण जाणे.

निघताना शेजारीण कुंपणाशी आली. ॲग्रोव्हेटच्या, म्हणजे बी-बियाणांच्या दुकानातलं डेस्मोडियमचं बी तिला परवडत नव्हतं, वेलांचे तुकडे हवे होते. न्यार गेमनी पांगा, म्हणजे कोयता काढला आणि सपासप वेल कापून तिच्या ओच्यात टाकले. ते मक्यात लावणार का, मी विचारलं. शेजारणीनं नकारार्थी मान हलवली. तिचा मकाही भाड्याच्या जमिनीतच होता. वेल गोठ्यामागे लावायचे होते, गाईसाठी.