आमची वाटचाल : बस्त्याच्या गादीवरून

लातूरच्या बाजारात आमचं कापड दुकान उभं आहे ते बस्त्यावर, म्हणजे लग्नाच्या एकत्र कापडखरेदीवर. किरकोळ गिऱ्हाइकीतून रोजचा खर्च निघतो, नफा लग्नसराईत. बस्त्यात पैसे नवरीचे वडील मोजतात, रंग नवरी बघते, पण होकार आत्याचा नाहीतर आजीचा. म्हणून नऊवारीचा खप घटला तरी तो गठ्ठा आमच्याकडं आजही पहिल्या फळीवर आहे. आजीला मनासारखं लुगडं मिळालं नाही, की ती उठते आणि तिच्यामागं अख्खी गादी रिकामी होते.

क्रम ठरलेला. आधी नवरीच्या शालूला हळदकुंकू, मग विहीणबाईंची साडी, मग आत्या, मावश्या, काकू, करवल्या. शेवटी टॉवेल-टोपी आणि देण्याघेण्याच्या साड्या. विहीणबाईंच्या साडीपेक्षा भारी साडी दुसऱ्या पाहुणीसाठी उलगडायचीच नाही. तीन जावा असतील तर पोत एक, काठ एक, भाव एक, रंग तेवढे वेगळे. एकीचा रंग कमी पडला, की तिघींच्या साड्या परत घडी होतात. म्हणून एका पोतात सहा रंग तरी हवेतच. बांधताना प्रत्येक घडीत नात्याची चिठ्ठी. मांडवात अदलाबदल झाली, तर बोल दुकानाला लागतो.

2016 नं आम्हाला जवळजवळ बसवलं. एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं. तेव्हा बस्ता कोण बांधणार? पुढं पाऊस झाला, सोयाबीन आलं, आणि तुळशीच्या लग्नानंतरच्या तिथींसाठी आम्ही सुरतेचा माल उधारीवर भरला. 8 नोव्हेंबरच्या रात्री 500 आणि 1000 च्या नोटा बंद झाल्या. मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, रोकड संपली, चेक वटेनात, बांधलेली गाठोडी दुकानातच पडून. ज्या व्यापाऱ्याशी वडिलांपासूनचा व्यवहार, त्यानं त्याच आठवड्यात सगळ्या रकमेचा तगादा लावला आणि पुढचा माल रोखला. ते अजून सलतं. समोरच्या काचेच्या शोरूमनं कार्डाचं मशीन आणि ‘एकावर एक फुकट’चा फलक लावून आमची गिऱ्हाइकं ओढली. त्या फुकटच्या साडीची किंमत पहिलीतच धरलेली असते, हे लोकांना माहीत होतं, तरी गेले.

औशाकडच्या एक आक्का मात्र भावकीतले बस्ते घेऊन आमच्याच गादीवर बसल्या. ‘तुरीवर देते,’ एवढाच शब्द. खतावणीत नाव, गाव आणि पीक लिहिलं, माल दिला. त्या हंगामात तूर क्विंटलला 5050 रुपयांच्या हमीभावाखाली गेली, तरी त्यांनी बाकी ठेवली नाही. त्यांच्यामुळं त्यांच्या शिवारातली गावं आमच्याकडं टिकली.

2017 च्या जुलैत जीएसटी आला. बिलं शिकलो, पुढची वर्षं बरी गेली.

नव्यानं दुकान टाकणाऱ्यांनी एवढं बघावं. लाल आणि राणी रंग दारातल्या उजेडात दाखवा. ट्यूबखाली पसंत केलेला रंग घरी वेगळा दिसतो आणि साडी परत येते. गडद काठाची फिकी साडी भरण्याआधी ओला पांढरा रुमाल काठावर घासा. रुमाल रंगला तर पहिल्या धुण्यात काठ अंगात उतरणार. पौषात माल भरू नका. 2026 चा अधिक ज्येष्ठ 17 मे ते 15 जून. ऐन लग्नसराईत तिथी नाहीत, पण जावयाचं वाण आहे. तेव्हा शालूंत पैसा अडकवण्यापेक्षा शर्ट-पँट पीस, धोतरजोडी आणि लेकीसाठी मध्यम भावाच्या काठपदराच्या साड्या ठेवा.