अर्ध्या टाकीचं वावडं

सापडलं. गेले चार महिने ज्यांनी माझी रड ऐकून घेतली त्यांना खरं तर एवढा एक शब्द पुरे, पण माझी जुनी महिंद्रा ५४० डिझेल जीप चालता चालता का बंद पडत होती, तिच्या डिझेलच्या वाटेत हवा कुठून शिरत होती, याचा हिशेब द्यायलाच हवा. कारण मागच्या नोंदीत मी छातीठोकपणे लिहिलं होतं, ‘फीड पंप बदलला, विषय संपला.’ ते वाक्य मागे घेतो. (फीड पंप म्हणजे टाकीतून डिझेल ओढून इंजिनाकडे ढकलणारा पंप.)

तुळशीच्या लग्नाच्या, म्हणजे आमच्या व्हडल्या दिवाळीच्या, आदल्या दिवशी भाच्याला घेऊन बेळगावला निघालो होतो. साखळी झाली, केरी झाली. चोर्ला घाट चढायला लागलो, खाली अंजुण्याच्या धरणाचं पाणी दिसायला लागलं आणि इंजिनाचा आवाज पातळ झाला. हा आवाज आता मला झोपेतही ओळखता येतो. ॲक्सिलरेटर दाबावा तर गाडी ओढत नाही, दोन गचके बसतात आणि मग एकदम शांतता. बॉनेट उघडून फिल्टरच्या डोक्यावरचा एअर स्क्रू ढिला केला, तर डिझेलऐवजी फेस. नवाकोरा फीड पंप, त्याची प्रायमरची दांडी पंचवीस-तीस वेळा मारली तेव्हा कुठे सलग धार आली. गाडी सुरू झाली आणि तीन किलोमीटरवर पुन्हा तेच. दुसऱ्यांदा एअर काढताना भाचा म्हणाला, “मामा, हिलाच न्यायचीय ना लडाखला?” उत्तर न देता गाडी वळवली आणि उतारावरून घरी आणली.

लडाखचं गणित एकदा मांडतो, म्हणजे हा दोष मला एवढा का खुपत होता ते कळेल. मनालीहून लेहला जाताना तांदीच्या पेट्रोल पंपावरची ती प्रसिद्ध पाटी आठवा: पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर. माझी ५४० सपाटीवर लिटरला दहा देते, चढावर लो-गिअर लागलं की आठ धरायचे. म्हणजे पंचेचाळीस-सेहेचाळीस लिटर आणि वर राखीव. टाकी चाळीसची. डिकीत वीस लिटरचा एक लोखंडी जेरीकॅन घेतला की जमतं, पण टाकीतला शेवटचा लिटरही इंजिनापर्यंत पोचणार असेल तरच. माझ्या गाडीत अर्धी टाकी शोभेचीच निघाली. ते मात्र मला अजून कळायचं होतं.

आधी काय काय करून बसलो ते थोडक्यात. रबरी पाइप सगळे बदलले. पहिल्या खेपेला एका दुकानाने ‘डिझेलचाच आहे’ म्हणून दिलेला पाइप सहा आठवड्यांत आतून फुगून भेगाळला. बाहेरून तुळतुळीत, आत मगरीची पाठ. तेव्हापासून पाइपावर डिझेल-ऑइलसाठीचा नायट्रिल रबर असल्याचं छापलेलं दिसल्याशिवाय घेत नाही. आट्यांची स्क्रूवाली क्लिप बारीक पाइपाला लावूच नये, ती एका बाजूला रबर चिरते आणि दुसऱ्या बाजूला सैल राहते. गोल आवळणारी, सपाट पट्टीची छोटी क्लिप महाग पडते, पण तीच घ्या. बँजो बोल्टांचे (डिझेलच्या नळ्या जोडणाऱ्या पोकळ बोल्टांचे) तांब्याचे वॉशर काढून गॅसवर लाल केले, पाण्यात टाकले, मऊ झाले की परत बसवले. आणि कुणीतरी सुचवलं होतं तसं टेफलॉन टेप मात्र लावलं नाही. त्याचा एक तंतू सुटून एफआयपीत, म्हणजे इंजिनात डिझेल फवारणाऱ्या मुख्य पंपात, गेला तर टेपाच्या किमतीच्या हजारपट बिल येतं.

मग ‘गरम झाल्यावरच बंद पडते’ या समजुतीत एक अख्खा महिना गेला. रेडिएटर धुतला, पाइपांना उष्णतेची पट्टी गुंडाळली. टाकीच्या झाकणाचं छिद्र बुजून आत व्हॅक्यूम होत असेल म्हणून झाकण ढिलं ठेवून फिरलो. सीटवर डिझेलचा वास तेवढा राहिला.

आमचा डिचोलीचा मेस्त जुना माणूस. खाणींच्या ट्रकांचे पंप आणि नोझल उघडण्यात त्याचं आयुष्य गेलंय. तो सुरुवातीपासून एकच सांगत होता, “पात्रांव, डिझेल गळना म्हूण हवा भितर सरना अशें ना.” खरंच आहे. टाकीपासून फीड पंपापर्यंतचा भाग ओढीचा. तिथे भोक पडलं तर डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. जमिनीवर थेंब शोधत बसलात तर शोधतच राहाल. पंपाच्या पुढे मात्र उलट, तिथे गळतं आणि दिसतं. हे मला पुस्तकी माहीत होतं, तरी रोज सकाळी गाडीखाली पुठ्ठा टाकून बघत होतो.

शेवटी मेस्ताने फीड पंपाच्या अलीकडे हातभर पारदर्शक नळी घातली. (ही फक्त चाचणीपुरती. साधी पीव्हीसी नळी डिझेलमध्ये काही दिवसांतच काडीसारखी कडक होते.) इंजिन चालू ठेवून बघितलं. नळीत साबुदाण्याएवढे बुडबुडे एकामागोमाग एक येत होते. म्हणजे नवा फीड पंप निर्दोष, दोष त्याच्या मागे. मग टाकीचं कनेक्शन काढून नळी सरळ जेरीकॅनमध्ये सोडली. बुडबुडे बंद. भाचा मागे जेरीकॅन मांडीवर घेऊन बसला आणि आम्ही साखळीच्या पुढे जाऊन आलो. नळी काचेसारखी स्वच्छ.

इथे मला वाटलं, झालं, आता टाकीकडचा पाइप पुन्हा बदलला की संपलं. बदलला. टाकी फुल्ल केली, चोर्ला चढून उतरून आलो, काही नाही. पुढच्या आठवड्यात वाळपईच्या अलीकडे बंद.

त्या रात्री मी डिझेलची वही उघडली. गाडीचा फ्युएल गेज मी घेतली तेव्हापासून मेलेला आहे, म्हणून मी खाचा पाडलेली काठी टाकीत बुडवून माप घेतो आणि भरलेलं डिझेल, किलोमीटर वहीत लिहितो. बायको या वहीला ‘मामलेदार कचेरी’ म्हणते. जिथे जिथे गाडी बंद पडली त्या तारखांसमोर टाकीत तेव्हा किती उरलं असेल ते मांडत गेलो. सोळा लिटर. बारा. सतरा. चौदा. पंधरा. अठराच्या वर एकदाही नाही. आणि ‘चाचणी पास’ असं ज्या ज्या दिवशी लिहिलं होतं, त्या प्रत्येक दिवशी सकाळी पंपावर जाऊन टाकी गळ्यापर्यंत भरलेली. घाटात डिझेल संपून फजिती नको म्हणून मी दर चाचणीआधी इमानेइतबारे टाकी भरत होतो आणि दोष दर वेळी त्या डिझेलखाली बुडून बसत होता! ‘गरम झाल्यावर’ म्हणजे प्रत्यक्षात ‘वीस-बावीस लिटर जाळल्यावर’ होतं. सकाळी गाडी लांब स्टार्टर खायची तेही टाकी खाली असतानाच, कारण नळीतलं डिझेल रात्रभरात मागे ओघळून जायचं.

दुसऱ्या दिवशी मेस्ताला वही दाखवली. त्याने चष्मा वर केला, खाली केला आणि म्हणाला, “टांकी सकयल काडूंया.”

टाकी उतरवली आणि वरचा पिकअप, म्हणजे टाकीतून डिझेल ओढून घेणारी नळी, बाहेर काढला. दिसायला धडधाकट लोखंडी नळी, वर थोडा तांबेरा. मेस्ताने खालचं तोंड अंगठ्याने दाबलं, नळी पाण्याच्या बादलीत आडवी धरली आणि वरून फुंकली. सायकलच्या ट्यूबचं पंक्चर काढताना दिसतात तसे बुडबुडे, नळीच्या साधारण मध्यावरून, एकाच बिंदूतून. पुसून बघितलं तर सुई जेमतेम जाईल एवढं भोक. डिझेल त्याच्या वर असेपर्यंत भोकातूनही डिझेलच ओढलं जातं. पातळी खाली गेली की टाकीतली हवा. घाटात इंजिन जास्त मागतं, ओढ वाढते, फिल्टरच्या डोक्यात हवा साठत जाते आणि पुरेशी साठली की खेळ खलास. भाच्याने फोटो काढले. सव्वा इंच गंजलेल्या नळीचे चौदा फोटो माझ्या फोनमध्ये आहेत आणि मी ते भेटेल त्याला दाखवतोय.

मेस्त तिथे पितळेची झाळ देऊन मोकळा होणार होता. पण जिथे एक भोक पडलं तिथे शेजारचं लोखंडही कागद झालेलं असणार. नवीच करायची ठरलं. तो तांब्याची नळी घालू म्हणाला, वाकवायला सोपी. मी नको म्हटलं. वॉशरापुरतं तांबं ठीक, पण हातभर तांबं कायम डिझेलमध्ये बुडवून ठेवलं तर डिझेल लवकर बिघडतं, चिकटा धरतो. स्टेनलेसची घेतली. खालचं तोंड तिरकं कापलं आणि तळापासून इंचभर वर ठेवलं, म्हणजे पाणी आणि गाळ तळाशीच राहील.

आणि गाळ होता! टाकी उलटी केल्यावर पेलाभर पाणी आणि काळा, शेवाळासारखा बुळबुळीत थर. आपल्याकडच्या दमट हवेत अर्धी रिकामी टाकी आतून घामेजते, पाणी तळाला बसतं आणि पाणी-डिझेलच्या सीमेवर जंतू वाढतात. पावसाळाभर मी गाडी अर्ध्या टाकीवर शेडमध्ये उभी ठेवली होती. यापुढे मृगाआधी टाकी काठोकाठ भरूनच उभी करायची. टाकीत मूठभर खडी आणि सायकलची जुनी साखळी टाकून थोडं डिझेल ओतलं आणि मी आणि भाच्याने अर्धा तास हलवली. दोघांचेही खांदे दुसऱ्या दिवशी कामातून गेले. चार पाण्यांनी, म्हणजे चार डिझेलांनी, धुतल्यावर रंग सुधारला. वॉटर सेपरेटरचा नळ आता दर रविवारी उघडतो.

बाकी कामं पटकन सांगतो. चारही हीटर प्लग बदलले. गाडीतलं एक्सडीपी हे जुन्या पद्धतीचं, प्री-चेंबरवालं (डिझेल आधी छोट्या कप्प्यात पेटवणारं) इंजिन, थंडीत प्लगांशिवाय ते जागं होत नाही. दोन प्लग पूर्ण मेलेले होते आणि गोव्याच्या उकाड्यात ते कधी कळलंच नसतं. दोन्ही ॲक्सलचे ब्रीदर (आतली हवा ये-जा करणारे) पाइप जोडून बॉनेटखाली उंच नेले. तापलेला डिफरन्शियल थंड ओढ्यात उतरला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढून घेते. कुळ्याचे दूधसागरवाले जीपचालक मोसमभर पाण्यातून ये-जा करतात, त्यांच्या गाड्या वाकून बघा, शिकायला मिळतं. तिथेच एकाने माझ्या चकचकीत रूफ रॅककडे बघून विचारलं, “हें कित्याक?” उत्तर सुचलं नाही. रॅक विकायला काढलाय. वजन वर नको हे पटलं.

पुढच्या पाट्यांचं (लीफ स्प्रिंगांचं) काम मात्र अजून तसंच आहे. कोल्हापूरला उद्यमनगरातून करून आणायचा विचार आहे, त्यावर वेगळं लिहीन.

आता प्लॅनबद्दल. मागे मी दुसरी, पंचवीस लिटरची टाकी बनवून घेणार म्हटलं होतं, मापंसुद्धा दिली होती. हे लिहिता लिहिताच ती रद्द करतोय. चाचणीसाठी आम्ही जेरीकॅन जोडला होता तीच व्यवस्था कायमची का करू नये? फीड पंपाच्या अलीकडे दोन वाटांचा कॉक, एक वाट टाकीला, दुसरी मागे जेरीकॅनच्या झाकणातल्या नळीला. टाकीकडे पुन्हा काही बिघडलं तर कॉक फिरवायचा आणि पुढे जायचं. रिटर्न लाइन मात्र टाकीतच जाणार, म्हणजे जेरीकॅनवर चालवताना जास्तीचं डिझेल आपोआप टाकीत उतरत राहील. हा तोटा समजून मी वहीत फुली मारली होती, पण टाकी अर्धी रिकामी असेल तर तो फायदाच. जेरीकॅन उचलून ओतायची कटकट गेली. फक्त टाकी भरलेली असताना चुकूनही कॉक तिकडे नको, नाहीतर झाकणातून डिझेल वाहील. कॉकला कुलूपपट्टी लावावी लागेल. कुणी असा कॉक वापरला असेल तर सांगा, पाण्याच्या नळाचा पितळी कॉक मला नकोय, त्याची पॅकिंग डिझेलला टिकेल असं वाटत नाही.

ओढीची बाजू घट्ट असण्याचा आग्रह एवढ्यासाठीच की टाकीतलं डिझेल वर चढतं ते बाहेरच्या हवेच्या दाबावर. मनाली-लेह वाटेवरची तंगलांग ला ही खिंड पाच हजार मीटरच्या वर, तिथे हा दाब आपल्या किनाऱ्याच्या निम्म्याहून थोडाच जास्त. इथे चालून जाणारा बारीक दोष तिथे चालणार नाही. टर्बो नसल्यामुळे इंजिन अर्धं दमलेलं असेल आणि काळा धूर सोडेल ते वेगळंच, त्यावर इलाज म्हणजे लो-गिअर आणि सबुरी. जाताना दिल्ली टाळणार आहे, तिथे जुन्या डिझेल गाड्यांचं झंझट अंगावर घ्यायची हौस नाही.

गुरुवारी नव्या नळीनिशी टाकीत मोजून दहा लिटर ठेवले आणि केरीहून चोर्ला चढलो. जिथे बंद पडली होती त्या वळणावर पोटात गोळा आला, पण तिने काही मनावर घेतलं नाही. माथ्यावर गाडी उभी करून अर्धा तास थांबलो, चहा घेतला, पुन्हा स्टार्टर मारला. अर्ध्या फेऱ्यात सुरू. पारदर्शक नळी अजून काढलेली नाही, तिच्यात एक बुडबुडा दिसला, तो जागचा हलला नाही.

एका खेपेवर मी आता विश्वास ठेवत नाही. शनिवारी भाचा येतोय, तो सकाळी गाडी धुवायला म्हणून बाहेर काढेल. त्याला बजावून ठेवलंय, पेट्रोल पंपाकडे फिरकायचं नाही.