आबांची २०६

आबांची टाटामोबाइल २०६, म्हणजे मागे उघडा हौदा असलेली पिकअप गाडी, बाबांकडे आली, आता माझ्याकडे. हे मॉडेल १९८८ मध्ये बाजारात आलं. आबा तिच्यातून पहाटे भाऊच्या धक्क्यावरची मासळी दादरला न्यायचे. बर्फाचं खारं पाणी वर्षानुवर्षं हौद्यात मुरलं. रबरी चटई उचलली तर खाली पत्र्याची चाळण! पोटात तुटलं माझ्या.

इंजिनाने मात्र साथ दिली. हीटर प्लग बदलले, डिझेलची टाकी धुतली, तिसऱ्या सेल्फला धडधडली. खरं काम हौद्याचं. गंजावर नुसता रंग मारला तर गंज आतून पत्रा खातच राहतो. म्हणून सडलेला भाग कापून नवा पत्रा वेल्ड केला, उरलेला तारेच्या ब्रशने लख्ख घासला आणि त्याच दिवशी रेड ऑक्साइड, म्हणजे गंज रोखणारा तांबडा अस्तर-रंग, मारलं. पावसाळ्यात मुंबईच्या हवेत उघडं लोखंड रातोरात तांबूस होतं. पाणी निघायची भोकंही मोकळी केली. तीच बुजली होती.

मागचा फाळका कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर मिळत होता. नाही घेतला. जुन्यावर आबांच्या मासळीच्या पाट्या ओढून पडलेले ओरखडे आहेत. आई म्हणाली, "तेवढं राहू दे गो." रंगाऱ्याला सांगितलंय, तिथे पुट्टी लावायची नाही.