स्पीडबोट ॲव्हरेज किती देते?

बोट ट्रेलरवर चढवून सोलापूरहून उजनी धरणाकडे, टेंभुर्णीच्या रस्त्याला लागलात की चहाच्या टपरीवर पहिला प्रश्न हाच येतो. बोटवाले उत्तर देतात तासाच्या हिशेबात: ताशी ४० लिटर, ताशी १०० लिटर. आकडा खरा असतो, पण त्यावरून खर्च कळत नाही. विचारायला हवं ते एका किलोमीटरला किती लिटर, आणि तेही कोणत्या वेगाला.

आधी ढोबळ गणित. चार स्ट्रोकचं, फ्युएल इंजेक्शनचं आउटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेरून लावलेलं इंजिन) पूर्ण थ्रॉटलला दर हॉर्सपॉवरमागे तासाला साधारण एक तृतीयांश लिटर पेट्रोल पितं. म्हणजे ३०० हॉर्सपॉवरला १०० लिटर. ४५० ची दोन इंजिनं मागे लावली तर ३००. जुन्या कार्बोरेटरच्या दोन स्ट्रोकला याहून जास्त लागतं. कंपनी बदलून यात फार फरक पडत नाही. हॉर्सपॉवर काढायची तर तेवढं पेट्रोल जाळावंच लागतं.

आता २२ ते २४ फुटी, ३०० हॉर्सपॉवरची हलकी बोट धरू. १००० आरपीएमला ती ताशी ८ किलोमीटर रांगते आणि ताशी ६ लिटर घेते. किलोमीटरला पाऊण लिटर. २५०० आरपीएमला नाक वर, शेपटी खाली, वेग जेमतेम १५ आणि खप २५ लिटर. किलोमीटरला जवळपास पावणेदोन लिटर. ३५०० ला बोट उठून पाण्यावर सपाट होते, वेग ४५, खप ३७. पुन्हा पाऊण लिटरच्या आसपास. ६००० ला वेग ९०, खप १००, म्हणजे किलोमीटरला सव्वा लिटरला थोडं कमी. सगळ्यात महाग चाल पूर्ण थ्रॉटलची नव्हे, ती मधली अर्धवट चाल आहे. "जरा हळू घे, पेट्रोल वाचेल" म्हणून थ्रॉटल थोडा मागे घेतला आणि बोट पाण्यात बसली, की वाचायच्या ऐवजी दुपटीने जळतं. एक तर पूर्ण रांगा, नाहीतर पूर्ण उठा.

तलावावर हे जास्त जाणवतं, कारण समुद्रासारखी लांब सरळ धाव नसते. थांबायचं, माणसं बदलायची, पुन्हा उठायचं. एकदा उठायला वीसेक सेकंद आणि अर्धा लिटर. उजनीच्या फुगवट्यात तरी जागा आहे. हिप्परगा तलावात ही बोट म्हणजे बोळात ट्रक.

एका दिवसाचा हिशेब असा बसतो: ४० मिनिटं रांगणं ४ लिटर, ५० मिनिटं ३५०० आरपीएमवर ३१ लिटर, पूर्ण थ्रॉटलची फक्त १५ मिनिटं २५ लिटर, दहा वेळा उठणं ५ लिटर. एकूण ६५. लिटरला १०५ रुपये धरले तर ६,८२५ रुपये. त्या पंधरा मिनिटांनी एक तृतीयांशाहून जास्त पेट्रोल खाल्लं, हे लक्षात घ्या.

यात ओढगाडीचं डिझेल सहसा कोणी धरत नाही. सोलापूर ते टेंभुर्णी सुमारे ९० किलोमीटर, पुढे पाण्यापर्यंतचं अंतर वेगळं. जाऊन-येऊन २०० धरा. दोन टन मागे असताना एसयूव्ही ७ ते ८ चं ॲव्हरेज देते, म्हणजे २७ लिटर, ९२ च्या भावाने अडीच हजारांच्या घरात. वर्षात वीस फेऱ्या झाल्या तर पेट्रोलचे १,३६,५०० आणि डिझेलचे जवळपास ५०,०००. चौथ्या हिश्शाहून जास्त इंधन बोट पाण्याला लागण्याआधी आणि पाण्यातून निघाल्यावर जातं. उजनी मायनसमध्ये, म्हणजे उपयुक्त साठ्याच्या खाली गेली की काठ लांब सरकतो आणि गाळातून ट्रॅक्टर लावावा लागतो. त्याचं भाडं निराळं. म्हणून धरण भरल्यापासून फेब्रुवारीपर्यंत हंगाम धरावा. भिगवणकडे रोहित पक्षी उतरलेले असताना त्या उथळ बाजूला बोट नेऊच नये. पक्षी उठतात आणि पंखाही जातो.

पंखा म्हणजे प्रोपेलर. वाया जाणाऱ्या पेट्रोलचं मूळ बहुतेक वेळा इथेच असतं. तपासायची पद्धत सोपी आहे: आरपीएमला पंख्याच्या इंचातल्या पिचने (एका फेऱ्यात पंखा जेवढा पुढे सरकायला हवा ते अंतर) गुणा, ०.००१५२४ ने गुणा आणि गिअर रेशोने भागा. ६००० आरपीएम, २१ इंच पिच, १.८५ रेशो असेल तर ताशी १०४ किलोमीटर येतात. जीपीएसवर ९० दिसले तर घसर, म्हणजे पंख्याचा पाण्यात वाया जाणारा वेग, १३ टक्के, ठीक आहे. २० च्या वर गेली तर पात्याची कड चेपलेली आहे, जाळीचा दोरा शाफ्टला गुंडाळलाय किंवा इंजिन फार उंच बसवलंय.

दुसरी गोष्ट आपल्या भागाची. उजनीची पातळी समुद्रसपाटीपासून जवळपास ५०० मीटर आणि उन्हाळ्यात हवा ४० अंश. विरळ हवेमुळे साध्या (टर्बो किंवा सुपरचार्जर नसलेल्या) इंजिनाची ताकद दहाएक टक्के घटते. मुंबईच्या समुद्रावर जमलेला पंखा इथे जड पडतो: थ्रॉटल पूर्ण दाबूनही आरपीएम ५५०० ला अडकतो, इंजिन कण्हतं, पेट्रोल जातं. एक इंच पिच कमी केला की १५० ते २०० आरपीएम वाढतात, त्या हिशेबाने दोन ते तीन इंच खाली या. पाणी कमी असताना स्टीलऐवजी ॲल्युमिनियमचा पंखा लावा. खडकावर आपटला तर तो वाकतो, पण गिअरबॉक्स वाचण्याची शक्यता वाढते.

ट्रिम, म्हणजे इंजिनाचा कलता कोन: उठताना पूर्ण आत, सपाट झाली की हळूहळू बाहेर, वेग वाढायचा थांबला की थांबा. इंजिन एकदम भणभणलं तर जास्त झालं, थोडं आत घ्या.

आता पेट्रोलच. उजनीच्या पाण्यावर ऊस पिकतो, उसापासून इथेनॉल होतं आणि तेच पंपावरच्या ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मधून परत उजनीवर येतं. चक्र छान आहे, पण बहुतेक आउटबोर्डच्या पुस्तिकेत मर्यादा १० टक्के इथेनॉलची लिहिलेली असते. शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत ई-२० मध्ये लिटरमागे ऊर्जा ६ ते ७ टक्के कमी, तेवढा खप वाढतो. त्याहून वाईट म्हणजे ज्या इंजिनात ऑक्सिजन सेन्सर नाही, त्याला इंधन बदललेलं कळत नाही. मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडतं, आणि पूर्ण थ्रॉटलला पिस्टन तापतो. अशा इंजिनाला सलग पूर्ण थ्रॉटल देऊ नका आणि घेण्याआधीच कंपनीकडून ई-२० बद्दल लेखी घ्या. इंजिनाला लागतं त्याहून जास्त ऑक्टेनचं महाग पेट्रोल टाकून यातलं काहीच सुटत नाही.

इथेनॉल पाणी ओढतं. प्रमाण वाढलं की दोन्ही मिळून टाकीच्या तळाला बसतात, आणि इंजिनाची नळी तळातूनच ओढते. १० मायक्रॉनचा पाणी वेगळं करणारा फिल्टर हवाच, आणि सोबत दोन जादा. फिल्टरमधलं इंधन काचेच्या बरणीत ओतून बघा. खाली वेगळा थर दिसला तर टाकी रिकामी करा, वरून नवं पेट्रोल टाकून तो थर जात नाही. जुन्या फायबरच्या टाकीत ई-२० भरूच नका, रेझिन सुटून व्हॉल्व्हवर चढतं.

पाण्यावर पंप नाही, तेव्हा ट्रेलरवर असतानाच महामार्गावरच्या पंपावर टाकी भरा. कॅन भरायचा असेल तर जमिनीवर ठेवूनच, आणि परवान्याशिवाय सर्वसाधारणपणे ३० लिटरपर्यंत पेट्रोल बाळगता येतं. बोटीला बसवलेली टाकी त्यात धरत नाहीत. ते ३० लिटर पूर्ण थ्रॉटलला अठरा मिनिटं पुरतात. इंजिन बोटीच्या आत असेल तर भरल्यावर ब्लोअर (आतली पेट्रोलची वाफ बाहेर काढणारा पंखा) चार-पाच मिनिटं चालवल्याशिवाय चावी फिरवू नका. पहाटे गार पेट्रोलने टाकी काठोकाठ भरू नका: २०० लिटर पेट्रोल २० अंशांनी तापलं की चारेक लिटर फुगतं आणि व्हेंटमधून पाण्यात सांडतं. त्याच पाण्यातून सोलापूर शहराला प्यायला येतं.