डबल स्पेस आणि मी

आमच्या गावच्या वाचनालयात जुन्या नियतकालिकांची तीन कपाटं आहेत. दर शनिवारी दुपारी मी तिथे जाऊन एकेक अंक स्कॅन करते. पोटापाण्याचा धंदा डीटीपीचा, त्यामुळे स्कॅनर, पीडीएफ, फॉण्ट ही मंडळी घरचीच. प्रोग्रामिंग मात्र मी गरजेपुरतं, इकडचं तिकडचं वाचून शिकले. या कामासाठी 2019 साली एक शेल स्क्रिप्ट, म्हणजे संगणकाला ओळीने द्यायच्या हुकमांची फाईल, लिहिली होती. ती स्कॅनइमेजला सांगून पान ओढून घेते, इमेजमॅजिककडून कडा कापून घेते आणि मग टेसरॅक्टकडून मजकूर ओळखून शोधता येईल अशी पीडीएफ बनवते. स्क्रिप्टच्या माथ्यावर दोन हॅश (##) टाकून मी शहाण्यासारखी टीप लिहून ठेवली होती. स्क्रिप्ट चालवताना द्यायचा कोणता पर्याय कशासाठी, काही दिलं नाही तर काय धरलं जाईल, सगळं त्यात होतं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत भाचा आला होता. त्याला म्हटलं, बसून राहण्यापेक्षा वाचनालयात जा, स्कॅनिंग कर. पोरगं गुणी. त्याने आधी माथ्यावरची टीप वाचली. "काही दिलं नाही तर इंचाला 300 ठिपके" असं तिथे होतं, म्हणून त्याने काहीच दिलं नाही. चार दिवसांत 412 पानं झाली. पाचव्या दिवशी मी एक पीडीएफ उघडून "सर्वोदय" शोधला. सापडेना. डोळ्यांनी पाहिलं तर पानावर शब्द ठळक होता, पण खालच्या ओळखलेल्या मजकुरात रफार गायब. अनुस्वारही निम्मे गळालेले.

"मावशी, मी तर तुझ्याच फाईलमध्ये लिहिलंय तसंच केलं," भाचा म्हणाला. खरंच होतं त्याचं. माझा जुना लॅपटॉप धापा टाकायला लागला तेव्हा कधीतरी मी कोडमध्ये 300 चे 150 केले होते. टीप मात्र तशीच राहिली. टेसरॅक्टला नीट ओळखायला निदान 300 तरी हवेत. आपल्या लिपीत तर रेघेच्या वरच्या बारीकसारीक खुणांवरच अर्धा शब्द उभा असतो. 412 पानं पुन्हा स्कॅन झाली, आणि भाच्याला दोन वेळा आइस्क्रीम.

त्या रात्री ठरवलं की 300 हा आकडा यापुढे एकाच जागी राहील, आणि ती जागा म्हणजे टीप. कोडने तो तिथूनच वाचून घ्यायचा.

शेलमध्ये हे जमतं, कारण स्क्रिप्ट चालू असताना तिची फाईल डिस्कवर तशीच पडलेली असते. टिपा शेल स्वतः वाचत नाही, पण स्क्रिप्ट आपलीच फाईल उघडून त्या वाचू शकते. फाईलचा पत्ता $0 मध्ये असतो. मजकुरातल्या ओळी निवडून बदलणाऱ्या सेड या हत्याराला सांगायचं, दोन हॅशने सुरू होणाऱ्या ओळी घे, हॅश खुडून टाक, उरलेलं छाप. झालं --हेल्पचं, म्हणजे विचारल्यावर मदत छापायचं, काम. ही युक्ती जुनी आहे, अनेकांच्या स्क्रिप्टमध्ये दिसते. मी त्याच्या एक पाऊल पुढे गेले. माझ्या ओळी आता अशा होत्या (खऱ्या फाईलमध्ये पर्यायांची अक्षरं रोमन आहेत, इथे वाचायला सोपं जावं म्हणून बदलली):

## -र <अंक>   इंचाला किती ठिपके [300]
## -भ <भाषा>  टेसरॅक्टला सांगायची भाषा [मराठी]
## -क         रंगीत नको, करडं स्कॅन

हॅशनंतर डॅश असलेली ओळ म्हणजे पर्याय. पुढचं अक्षर उचलायचं. त्याला लागून टोकदार कंस असेल तर या पर्यायाला किंमत लागते, म्हणून अक्षरापुढे कोलन जोडायचा. शेवटी चौकोनी कंस असेल तर आतलं ते गृहीत मूल्य. अशी अक्षरं जोडत गेलं की "र:भ:क" अशी माळ होते, आणि दिलेले पर्याय ओळखून देणाऱ्या, शेलमधल्या गेटऑप्ट्सला हवी असते ती हीच. गेटऑप्ट्सला एका अक्षराचेच पर्याय समजतात, पण माझे होते पाच, भागलं. सगळं मिळून दहा-बारा ओळींचं काम.

पहिला दणका $0 नेच दिला. मी स्क्रिप्ट ./ लावून चालवायचे, म्हणजे $0 मधला पत्ता "इथली फाईल" एवढाच. स्क्रिप्ट मध्येच अंकाच्या फोल्डरमध्ये शिरते. तिथे गेल्यावर पानं सापडली नाहीत की मदत छापायची, असं मी लिहिलेलं. पण आता "इथली" म्हणजे भलतीच जागा! सेड म्हणतो फाईलच नाही. फोल्डर बदलायच्या आधीच टीप वाचून एका व्हेरिएबलमध्ये ठेवली, तेव्हा मिटलं. स्क्रिप्ट फाईल म्हणून न चालवता पाइपने थेट बॅशच्या (शेलच्या) तोंडात ओतली तर $0 मध्ये बॅशचंच नाव येतं आणि ही सगळी करामत बसते, पण आमच्या वाचनालयात तसं कोणी करत नाही.

पुढे पानांचे क्रमांक, पुरवण्या, गहाळ पानांची यादी असा पसारा वाढला आणि मी शेल सोडून पायथॉन या भाषेकडे गेले. पायथॉन हॅशच्या टिपा फेकून देतो. पण फाईलच्या सुरुवातीला अवतरणांत लिहिलेला मजकूर जपून ठेवतो आणि चालत्या प्रोग्रामला तो हाती देतो. (-ओओ लावून चालवलं तर तोही उडतो. मग वाचायला काहीच उरत नाही.) या मजकुरावरून पर्याय ओळखणारी डॉकऑप्ट नावाची लायब्ररी व्लादिमीर केलेशेव्ह यांनी केली आहे. 2012 च्या पायकॉन यूके या पायथॉनवाल्यांच्या संमेलनात त्यांनी ती मांडली होती. मी जे दहा-बारा ओळींत ओबडधोबड केलं, त्याचं हे नीट शिवलेलं रूप. मदतीचा मजकूर लोक वर्षानुवर्षं ज्या वळणाने लिहीत आले, चौकोनी कंस म्हणजे ऐच्छिक, उभी रेघ म्हणजे हे किंवा ते, तीन टिंबं म्हणजे एक किंवा जास्त वेळा, त्या वळणालाच तिने व्याकरण मानलं. मला ही कल्पना फार आवडली. पायथॉनसोबत येणारा आर्गपार्स उलट्या दिशेने चालतो, तुम्ही कोड लिहा, मदतीचा मजकूर तो बनवतो. तसा बनलेला मजकूर मला नेहमी सरकारी फॉर्मसारखा वाटतो.

डॉकऑप्टमध्ये वर्णनं मराठीत ठेवता आली, ही आमच्या ग्रंथपाल बाईंच्या दृष्टीने मोठी सोय. फक्त "युसेज" (वापर) आणि "ऑप्शन्स" (पर्याय) हे मथळे कोलनसकट रोमनमध्येच लागतात, आणि गृहीत मूल्याआधीचा "डिफॉल्ट" हा शब्दही.

सगळं छान चाललं होतं. एका शनिवारी --करडा देऊन अंकाचं फोल्डर दिलं, तर प्रोग्राम काम करायचं सोडून वापराची ओळ छापून मोकळा. पुन्हा केलं, पुन्हा तेच. आदल्या आठवड्यात चालत होतं. कोडला हातही लावला नव्हता. लावला होता तो फक्त टिपेला, आणि तोही शुद्धलेखनासाठी.

डीटीपीवाल्यांना विचारा, मजकूर हाती आला की पहिलं काम काय? डबल स्पेस काढणे. बावीस वर्षं मी हेच करत आले. दोन स्पेस शोधा, एक करा, सगळीकडे बदला. बोटं आपोआप चालतात. त्या दिवशीही तशीच चालली असणार.

आणि डॉकऑप्टमध्ये पर्याय कुठे संपला आणि वर्णन कुठे सुरू झालं हे ओळखायची खूण म्हणजे नेमक्या त्या दोन स्पेस! एकच राहिली की "--करडा रंगीत नको" मधला "रंगीत" त्याला पर्यायाची किंमत वाटतो. मग --करडा समोर जे येईल ते गिळतो. त्याने माझं फोल्डर गिळलं, आणि फोल्डरच नाही म्हणून वापराची ओळ माझ्या तोंडावर मारली. त्यांच्या माहितीपत्रकात ही सूचना उदाहरणासकट दिलेली आहे. मी वाचलीही होती. पण वाचलेलं डोक्यात राहतं, आणि स्पेस काढते ती बोटं.

यावर भाच्याचं म्हणणं असं की, "मग तू आर्गपार्सच वापर की गं, टिपेत काय वाटेल ते लिही." त्याचं चूक नाही. डॉकऑप्ट सगळ्या किमती मजकूर म्हणूनच देते, 300 चा खरा आकडा आपणच करून घ्यायचा, कोणी "तीनशे" असं लिहिलं तर तेही आपणच पकडायचं. मूळ लायब्ररीची 0.6.2 ही आवृत्ती 2014 ची, तीच अजून चालते आहे. दहा जणांनी मिळून लिहायचं काही असतं तर मी त्याचं ऐकलं असतं. पण इथे लिहिणारी मी एकटी आणि चालवणारे आम्ही तिघं. फाईल उघडल्यावर पहिल्या पंधरा ओळींत जे दिसतं तेच घडतं, हे मला सोडवत नाही. त्या ओळींच्या वर आता एक सूचना आहे, "इथल्या डबल स्पेस काढू नयेत". स्वतःला उद्देशून.

वाचनालयात स्कॅनरच्या टेबलावर ती मदत मोठ्या टाइपात छापून चिकटवली आहे. मागच्या शनिवारी गेले तर ग्रंथपाल बाईंनी त्या कागदावर पेनाने 300 खोडून 400 लिहिलेलं. जुन्या अंकांतल्या जाहिराती बारीक टाइपात असतात, त्या ओळखल्या जात नाहीत, अशी त्यांची तक्रार होतीच. "ताई, बदललंय हं मी, आता येईल ना नीट?" त्यांनी विचारलं.

मी फाईल उघडली, टिपेतल्या 300 चे 400 केले, आणि घरून नवा कागद छापून आणला.