आरईयू नाही मिळणार, पण आठवड्याचा अर्धा तास मिळू शकतो

दर हिवाळ्यात नांदेड-लातूरच्या इंजिनीअरिंगच्या मुलांचा तोच प्रश्न येतो: अमेरिकेतल्या 'आरईयू'साठी, म्हणजे पदवीच्या मुलांना उन्हाळ्यात संशोधनाचा अनुभव देणाऱ्या योजनेसाठी, अर्ज करू का? करू नका. नॅशनल सायन्स फाउंडेशनची ही योजना १९८७ पासून चालू आहे. उन्हाळ्यात साधारण दहा आठवडे पदवीची मुलं प्राध्यापकांच्या हाताखाली संशोधन करतात आणि त्यांना विद्यावेतनही मिळतं. पण हा पैसा अमेरिकी नागरिक आणि कायम रहिवाशांसाठीच आहे. इथे अमेरिकेत पदवी करणाऱ्या भारतीय मुलालाही तो मिळत नाही. त्याला विद्यापीठाच्या दुसऱ्या निधीतून काम शोधावं लागतं. म्हणून 'आम्ही लावून देतो' म्हणणाऱ्या एजंटला एक रुपयासुद्धा देऊ नका.

हा नियम वाचून वाईट वाटतंच. पण इथल्या पद्धतीतली शिकण्यासारखी गोष्ट त्या योजनेत नाहीच, ती आहे दर आठवड्याच्या अर्ध्या तासात. एमआयटीत १९६९ पासून 'यूरॉप' (UROP) नावाचा उपक्रम चालतो: पदवीचा विद्यार्थी क्रेडिटसाठी, पगारावर किंवा नुसता शिकण्यासाठी प्राध्यापकांच्या कामात शिरतो. इतर विद्यापीठांत हेच 'इंडिपेंडंट स्टडी' म्हणून होतं. तीन क्रेडिट घेतले, तर आठवड्याला नऊ-दहा तास द्यायचे. रोजच्या अडचणी पीएचडीचा विद्यार्थी सोडवतो, आणि प्राध्यापक आठवड्यातून एकदा अर्धा तास भेटतात.

त्या भेटीची तयारी मला फार मोलाची वाटते. आदल्या रात्री विद्यार्थी अर्धा पान लिहून पाठवतो: मागच्या वेळी काय ठरलं, काय चालवून पाहिलं, एक तक्ता किंवा आलेख, कुठे अडलं, पुढे काय. 'काम चालू आहे' असं त्यात लिहिता येत नाही, कारण तक्ता रिकामा असेल तर तो रिकामा दिसतो. प्राध्यापक शिकवत बसत नाहीत. तीनपैकी दोन प्रयोग सोडायला लावतात आणि उरलेल्या एकावर प्रश्न विचारतात.

पहिल्या महिन्यात नवी कल्पना मागतही नाहीत. कोड आणि डेटा दोन्ही उपलब्ध असलेला एक पेपर घ्यायचा आणि त्यातले आकडे पुन्हा काढायचे. ते बहुतेक वेळा जुळत नाहीत. सॉफ्टवेअर लायब्ररीची आवृत्ती वेगळी असते, रँडम सीड (यादृच्छिक आकड्यांची सुरुवात ठरवणारा अंक) वेगळा असतो, शिकवण्याच्या आणि तपासण्याच्या डेटाची विभागणी वेगळी झालेली असते, किंवा पूर्वप्रक्रियेतली एखादी पायरी पेपरात लिहिलेलीच नसते. निदान पाच सीडवर चालवून सरासरी आणि फरक दोन्ही नोंदवायचे, नाहीतर अर्ध्या टक्क्याची 'सुधारणा' निव्वळ योगायोग ठरते.

आपली मुलं यात कुठेही कमी नाहीत. लातूर पॅटर्नमध्ये घासून आलेल्या मुलाचं गणित इथल्या बऱ्याच मुलांपेक्षा पक्कं असतं. कमी पडतं ते शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टमध्ये. चौघांचा गट होतो, शीर्षक ठरतं आणि कोड विकत येतो. याचा दोष सर-मॅडमना देणाऱ्यांशी मी सहमत नाही. यूजीसीच्या नियमाप्रमाणे सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास शिकवायचं असतं, वर परीक्षा, प्रवेश आणि नॅकच्या फायली. इथल्या संशोधन विद्यापीठातला प्राध्यापक सत्राला एक-दोन विषय शिकवतो. परदेशात बसून बोलणं सोपं, हेही ऐकून घेतो. पण चौघांच्या गटाला आठवड्याचा अर्धा तास, एवढंच मागणं आहे, आणि त्याला निधी लागत नाही.

विषयही लांब शोधायला नको. पानाच्या फोटोवरून पिकाचा रोग ओळखायला संगणकाचं मॉडेल शिकवायचं, तर सगळे 'प्लांटव्हिलेज' हा फोटोंचा मोफत संच वापरतात: ५४ हजारांवर फोटो, १४ पिकं. त्यात कापूस नाहीच. सोयाबीन आहे, पण फक्त निरोगी पानं, म्हणजे पिवळा मोझॅक हा सोयाबीनचा विषाणूजन्य रोग त्यावरून शिकवताच येत नाही. २०१६ च्या एका पेपरात या संचावर ९९.३५ टक्के अचूकता आली. वेगळ्या परिस्थितीत काढलेल्या फोटोंवर ती ३१ टक्क्यांच्या जवळपास उतरली.

ही पोकळी आपणच भरू शकतो. चार गावं, प्रत्येक गावात पाच शेतं, प्रत्येक शेतात वीस झाडं, झाडामागे तीन फोटो: १२०० झाले. विभागणी फोटोंची करू नका, गावांची करा. तीन गावांवर मॉडेल शिकवायचं आणि चौथं गाव शेवटपर्यंत उघडायचं नाही. एकाच झाडाचे फोटो दोन्हीकडे गेले, तर मॉडेल रोग न ओळखता ते झाड ओळखतं आणि ९८ टक्के पाहून सगळे खूश होतात. दुसरा धोका लेबलांचा. आपल्या चुनखडीच्या जमिनीत लोहाच्या कमतरतेनेही सोयाबीन पिवळं पडतं. त्यात कोवळ्या पानाच्या शिरा हिरव्या राहतात, मोझॅकमध्ये वेडेवाकडे पिवळे चट्टे येतात. दोघांनी एकमेकांना न विचारता लेबल द्यावं, दोघांची मतं किती जुळतात हे सांगणारा 'कप्पा' (kappa) हा आकडा काढावा आणि मतभेदाचे फोटो परभणीच्या कृषी विद्यापीठातल्या जाणकाराला दाखवावेत. आधीच शिकवलेलं रेसनेट-१८ हे फोटो ओळखणारं मॉडेल गूगलच्या मोफत कोलॅबवर, म्हणजे ऑनलाइन संगणकावर, चालतं. सत्र मध्येच तुटतं आणि तिथल्या फायली जातात, म्हणून प्रत्येक इपॉकनंतर (सगळ्या डेटावरून एक फेरी झाली की) चेकपॉइंट, म्हणजे तोवर शिकलेलं मॉडेल, ड्राइव्हवर साठवा.

सरांना ईमेल करताना 'मला एआयमध्ये रस आहे' असं लिहिलं तर उत्तर येत नाही. दीडशे शब्द पुरेत: त्यांचा कोणता पेपर वाचला, त्यातला कोणता तक्ता स्वतः चालवून पाहिला, आकडा किती आला आणि आठवड्याला किती तास देऊ शकता. कोडचा दुवा जोडा. दहा दिवसांनी एकदा आठवण करा, मग दुसऱ्यांना लिहा. एकच मजकूर पन्नास जणांना पाठवला की तो लगेच ओळखू येतो.

दुसऱ्या कॉलेजच्या मुलांनाही अर्ज करता येईल अशा वाटा आहेत. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादम्यांची मिळून दोन महिन्यांची उन्हाळी शिष्यवृत्ती असते, आयआयटी कानपूरचं 'सर्ज' आणि आयआयटी गांधीनगरचं 'एसआरआयपी' हे उन्हाळी संशोधनाचे उपक्रम आहेत. परदेशासाठी कॅनडातली बारा आठवड्यांची मायटॅक्स ग्लोबलिंक आणि जर्मनीचं 'डाड वाइज' आहे. दोन्ही त्या वर्षी चालू आहेत का आणि पात्रता काय, हे दरवर्षी नव्याने वाचा. 'वाइज'ला अर्जाआधीच तिकडच्या प्राध्यापकांचं निमंत्रणपत्र लागतं, म्हणून त्यांना ईमेल गणपतीच्या आधीच गेलेले बरे.