खसखशीचा डबा

बेळगावच्या टिळकवाडीतल्या आमच्या ऑफिसात एक मावशी मुलाला घेऊन आल्या. खानापूर तालुक्यातल्या. लेक दुबईत, पहिलं बाळंतपण. तिकीट मुलानं मोबाईलवर स्वतःच काढलेलं, आमच्याकडं काम फक्त व्हिसाचं. व्हिसाची प्रिंट हातात ठेवली की आमचा संबंध संपला. पण मला एक खोड आहे. माणूस पहिल्यांदा विमानात बसणार असेल तर पासपोर्ट आणि तिकीट शेजारी ठेवून मी अक्षर न् अक्षर ताडून बघतो.

आपल्या भागात ही खोड लागतेच. शाळेचा दाखला मराठी, रेशनकार्ड कन्नड. एकीकडं लक्ष्मीचं स्पेलिंग 'एक्स' घालून, दुसरीकडं 'केएसएच'. कुणाचा आडनावाचा रकानाच कोरा. 2022 च्या नोव्हेंबरात एकच नाव असलेल्या पासपोर्टवर दुबईचा व्हिजिट व्हिसा बंद झाला, तेव्हा माझी दोन गिऱ्हाइकं अडकली होती. मावशींचं नाव ठीक निघालं.

तिकीट बघून मात्र कपाळाला हात लावला. सांबऱ्याच्या म्हणजे बेळगावच्याच विमानतळावरून मुंबई एक, मुंबई-दुबई दुसरं. दोन वेगळे पीएनआर, म्हणजे दोन स्वतंत्र बुकिंग, मध्ये फक्त दोन तास.

"एवढं स्वस्त कुठं मिळतंय ओ?" मुलगा म्हणाला.

स्वस्त होतंच. पण पीएनआर वेगळे असले की पहिलं विमान रखडलं तरी दुसरं थांबत नाही, आणि पैसेही गेले. बॅग मुंबईत पट्ट्यावरून उतरवून घ्यायची, आंतरराष्ट्रीय काउंटरवर पुन्हा द्यायची, आणि ते काउंटर विमान सुटायच्या तासभर आधी बंद. हे सगळं कुणी करायचं, तर गुडघे धरून चालणाऱ्या, हिंदीसुद्धा न बोलणाऱ्या बाईनं! सांबऱ्याचं तिकीट सोडून द्या म्हटलं. आदल्या रात्रीच्या स्लीपर बसनं मुलानंच मुंबईला पोचवायचं ठरलं. दुबईच्या तिकिटावर व्हीलचेअर टाकली. ती फुकट मिळते, 48 तास आधी कळवलं की झालं, शिवाय ढकलणारा माणूस इमिग्रेशनच्या रांगेतही सोबत असतो. लोक उगाच लाजतात.

वजन करून घ्यायला मावशींनी बॅग बरोबरच आणली होती. काट्यावर ठेवायच्या आधी उघडायला लावली. जुन्या नऊवारीची दुपटी, अळीव, बाळंतशेपा, सुंठ. खोबऱ्याच्या वाट्या मी आधी बाहेर काढल्या. सुकं खोबरं तेलकट, आतल्या आत तापून पेट घेऊ शकतं, म्हणून विमानात तो धोक्याचा माल. खाली स्टीलचा मोठा डबा, डिंकाच्या लाडवांनी काठोकाठ भरलेला.

"यात काय काय घातलाय मावशी?"

"खारीक, डिंक, गूळ. खसखस घातलो की. खसखशीबिगर लाडू असतंय व्हय?"

वर लेकीसाठी पाव किलो कोरी खसखस, प्लास्टिकच्या पिशवीत, गाठ मारून.

माझ्या पोटात गोळाच आला. खसखस अफूच्या बोंडातली. आपल्याकडं ती वाण्याकडं उघड मिळते, तिकडं अमली पदार्थांत मोजतात. तिच्यापायी लोकांनी तिथं तुरुंग बघितलाय. मावशींना हे काही केल्या पटेना.

"अनरशाला लावतो, देवाला दाखवतो. देवाला चालतंय ते पोलिसाला चालत न्हाई?"

याला उत्तर नव्हतं माझ्याकडं. मुलगा मात्र पांढरा पडला. मग गोळ्यांची पिशवीही ओतली. गुडघ्यांसाठी गावातल्या डॉक्टरनं दिलेली ट्रॅमाडॉलची पट्टी निघाली. तीही तिकडं आधी परवानगी काढल्याशिवाय चालत नाही. डॉक्टरकडून दुसरी गोळी आणि चिठ्ठी घ्या म्हणून बजावलं.

मावशी डब्याकडं बघत राहिल्या. तीन दिवस खपून वळलेले लाडू. शेवटी तो डबा आमच्या टेबलावर ठेवला, "तुम्हीच खावा," म्हणाल्या आणि निघाल्या. गावी जाऊन दोन रात्रीत नवे लाडू वळले, बिनखसखशीचे. मुलानं फोटो पाठवला आणि विचारलं, "आता चालतंय काय ओ?"

आम्ही तिघे पंधरा दिवस चहाबरोबर खसखशीचे लाडू खात होतो. मावशी परत आल्यावर मुलगा डबा न्यायला येणार म्हणून कळलं. रिकामा कसा द्यायचा? बायकोनं त्यात आपल्या बेळगावची मिठाई, अर्धा किलो कुंदा भरून ठेवला.